मागच्या आसनाचा इतिहास

‘डबलसीट’ हा शब्द मराठी भाषेंत कोणत्या सालीं शिरला हें सांगणें कठीण आहे; पण तो शिरला तो गुन्हेगाराच्या पावलांनीं शिरला, याविषयीं मला शंका नाहीं. पुणें हें सायकलींचें शहर होतें त्या काळीं एका सायकलीवर दोघांनीं जाणें हा गुन्हा समजला जाई. चौकांतला पोलीस लांबून दिसला कीं मागें बसलेल्यानें टुणकन खालीं उडी मारावयाची, इकडेतिकडे पाहात साळसूदपणें चालत चौक ओलांडावयाचा, आणि पलीकडे गेल्यावर पुन्हां आपलें आसन ग्रहण करावयाचें, असा शिरस्ता होता. पकडले गेलेच तर दंड चालविणाऱ्याच्या खिशांतून जाई. पण चारचौघांत ओशाळावयाची पाळी मागच्यावर येई. जणूं त्याचें तेथें असणें हीच आगळीक!

श्रोतेहो, या मागें बसणाऱ्या माणसाचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाहीं. जहाजावरील कप्तानाचें नांव राहतें, विमान हांकणाऱ्याचें राहतें, मोटारसायकलीचें हँडल ज्याच्या हातीं होतें त्याचें राहतें. दुसरा माणूस ‘आणि सोबती’ या दोन शब्दांत आटोपतो. आज मला अशा कांहीं प्रवासांविषयीं बोलावयाचें आहे कीं, ज्यांत एकाच मोटारसायकलीवर दोन माणसें हजारों मैल गेलीं, आणि ज्यांत त्या ‘आणि’ला बराच अर्थ होता.

माझा स्वतःचा या विषयांतला अधिकार अगदीं तोकडा आहे. तरुणपणीं एकदां एका स्नेह्याच्या मोटारसायकलीवर मागें बसून मी पुण्याहून महाबळेश्वरास गेलों, एवढाच. कात्रजच्या घाटांत पहिलें वळण आलें, स्नेह्यानें गाडी आंतल्या अंगाला झुकविली, आणि मीं, आतां ही पडणार अशा समजुतीनें, जिवाच्या करारानें बाहेरच्या अंगाला झुकून तोल सांवरला. निदान मला तसें वाटलें. खंबाटकींतहि मीं असेंच अनेकदां त्याचे प्राण वांचविले. वाई मागें टाकून पसरणीचा घाट चढूं लागल्यावर त्यानें गाडी कडेला घेतली, रुमालानें घाम पुसला, आणि शांतपणें म्हणाला, “भाऊसाहेब, कृपा करून आपण पोतें व्हा. तांदळाचें पोतें वळणावर विचार करीत नाहीं.” पांचगणीपर्यंत मी पोतें झालों आणि प्रवास सुखाचा झाला.

स्नेह्याचें म्हणणें यंत्रशास्त्राला धरून होतें. दुचाकी वळते ती झुकून वळते. मागच्याचें वजन बहुतेक सगळें मागल्या चाकावर पडतें. त्यामुळें पुढचें चाक हलकें होतें, सुकाणू कच्चें लागतें, ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. अशा स्थितींत मागच्यानें चालविणाऱ्याच्या विरुद्ध अंग टाकलें तर दोन शहाण्यांच्या मतभेदांत गाडी कोणाचेंच ऐकत नाहीं. महाबळेश्वरापर्यंतच्या प्रवासाला पोतें पुरतें. परंतु पांच हजार मैलांच्या प्रवासाला तें पुरत नाहीं, आणि तेथूनच आजच्या विषयाला आरंभ होतो.

मोटारसायकल जन्मली तेव्हां ती एकट्याची होती. यंत्र दुबळें, रस्ते वाईट, आणि चालविणारा निम्मा वेळ रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून बसलेला. दुसऱ्याला कोठें बसवावयाचें हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभीं पुढें आला आणि त्याचीं उत्तरें मोठीं गमतीचीं निघालीं. प्रथम मागें एक दोन चाकांची खुर्ची जोडीत. तींत बसणाऱ्यास सगळी धूळ आणि सगळा धूर मिळे, आणि जोड निसटला तर पुढच्यास त्याचा पत्ताहि नसे. मग खुर्ची पुढें आणली. आतां धूळ नव्हती, परंतु रस्त्यांत जें कांहीं आडवें येईल त्याचा पहिला मान पाहुण्याला मिळूं लागला. आणि पाहुणा म्हणजे बहुधा चालविणाऱ्याची पत्नी असे. १९०३ च्या सुमारास इंग्लंडांत तिसरा तोडगा निघाला, तो म्हणजे बाजूला जोडलेली गाडी, साइडकार. इंग्लंडांत वाहनें रस्त्याच्या डाव्या अंगानें जातात म्हणून ती डावीकडे जोडीत, अमेरिकेंत उजवीकडे. दोन्हीकडे हेतु एकच, सोबत्याला रस्त्याच्या मध्यापासून दूर ठेवावें. सोबत्याच्या जिवाचा विचार करून केलेली ही पहिलीच रचना होय, असें म्हणावयास हरकत नाहीं.

साइडकार महाग पडे. ज्यांना ती परवडत नसे ते तरुण मागच्या चाकावरील सामानाच्या घोडीवर एक गादी बांधून तीवर मैत्रिणीला बसवीत. इंग्रजींत या आसनाला ‘पिलियन’ म्हणतात. हा शब्द मोटारीहून पुष्कळ जुना. घोड्यावर स्वाराच्या मागें स्त्रीला बसण्यासाठीं जी गादी घालीत तिचें हें नांव. पहिल्या महायुद्धानंतर ज्या नव्या वळणाच्या तरुणी केंस कापूं लागल्या आणि आंखूड झगे घालूं लागल्या, त्यांना इंग्लंडांतले लोक ‘फ्लॅपर’ म्हणत; आणि मोटारसायकलीवरील या गादीला त्यांनीं ‘फ्लॅपर ब्रॅकेट’ असें खवचट नांव दिलें. पुढें १९३० च्या वाहतूक कायद्यानें या आसनाला प्रतिष्ठा दिली. मागें एकाहून अधिक माणूस नसावा, त्यानें दोन्हीकडे पाय टाकून बसावें, आणि आसन गाडीला पक्कें जोडलेलें असावें, असें त्यांत ठरलें. आपल्याकडील १९८८ च्या कायद्यांतहि एकच माणूस आणि पक्कें आसन हें आहे. पण आपल्या नियमांत आणखी एक कलम आहे, तें मागच्या चाकाचा निम्मा भाग झांकणाऱ्या जाळीचें. ज्या देशांत मागची बैठक मुख्यतः लुगड्याची आणि ओढणीची, त्या देशाचा हा नियम आहे. कायदे रुक्ष असतात असें म्हणतात. पण कधींकधीं त्यांतून माणूस डोकावतो.

मागच्या माणसाचें काम केवळ बसण्याचें नाहीं हें शर्यतवाल्यांनीं आधीं ओळखलें. १९२३ सालीं आइल ऑफ मॅन बेटावर साइडकारांची शर्यत प्रथमच झाली. फ्रेडी डिक्सन या वीरानें ती डग्लस गाडीवर जिंकली. त्याच्या साइडकारला एक दांडा होता. वळणावर तो दांडा ओढला कीं साइडकारचें चाक वरखालीं होऊन सगळी गाडी दुचाकीप्रमाणें झुके. तो दांडा डिक्सनच्या हातांत नव्हता. वॉल्टर डेनी नांवाच्या सोबत्याच्या हातांत होता. प्रत्येक वळणावर डेनीनें तो एक क्षण आधीं किंवा एक क्षण उशिरा ओढला असता तर आज आपण डिक्सनचें नांव घेतलें नसतें. डेनीचें तर तसेंहि फारसें कोणी घेत नाहीं.

आतां लांबच्या प्रवासाकडे वळूं. १९१५ सालीं अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें पनामाचा कालवा खुला झाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ मोठें प्रदर्शन भरलें होतें. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतली एफी हॉचकिस ही पंचविशी ओलांडलेली मुलगी वॉल स्ट्रीटवर नोकरी करी. तिला प्रदर्शन पाहावयाचें होतें. आगगाडीनें मात्र जावयाचें नव्हतें. त्याच वर्षीं हार्ले-डेव्हिडसन कारखान्यानें तीन गतींचा गिअरबॉक्स असलेली गाडी काढली होती. ती तिनें घेतली, तिला साइडकार जोडली, आणि त्या साइडकारमध्यें बसली तिची आई ॲव्हिस. मे महिन्याच्या २ तारखेस या मायलेकी निघाल्या. पश्चिमेकडे शेंकडों मैल फरसबंद रस्ता असा नव्हताच. शेतांतली वाट, पावसांत चिखल आणि उन्हांत फुफाटा. वाळवंटी मुलखांत एक वेळ अशी आली कीं टायरच्या आंतल्या सगळ्या ट्यूबा फाटून संपल्या आणि नवी ट्यूब जवळपास कोठें मिळण्याजोगी नव्हती. तेव्हां त्यांनीं एक घोंगडी घेतली, तिची टायरच्या मापाची वळकटी केली, ती आंत ठांसली आणि पुढचें गांव गांठलें. हें पाहिलें कीं मला वाटतें, प्रपंच केलेल्या बाईला बरोबर नेण्याचे कांहीं फायदे असतातच!

ऑगस्टमध्यें त्या सॅन फ्रान्सिस्कोस पोहोंचल्या. अटलांटिक महासागराच्या पाण्याची एक बाटली त्यांनीं घरून बरोबर घेतली होती. ती त्यांनीं पॅसिफिक महासागरांत ओतली. आपल्याकडे काशीची गंगा रामेश्वरास नेण्याची चाल आहे, तिची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. त्या मायलेकींना अर्थात् ती ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. प्रदर्शन पाहून त्या त्याच गाडीनें परत आल्या. जाऊनयेऊन प्रवास सुमारें ९,००० मैलांचा झाला. मोटारसायकलीवरून अमेरिका खंड ओलांडणाऱ्या पहिल्या स्त्रिया म्हणून इतिहास या दोघींचीं नांवें घेतो, आणि येथें एक समाधानाची गोष्ट अशी कीं, तो दोघींचीं घेतो. आई एकदांहि हँडलाला हात न लावतां त्या यादींत आहे.

दोन महायुद्धांमधल्या काळांत अशा जोडप्रवासांचें पेवच फुटलें. झोल्तान सुल्कोव्स्की आणि ग्युला बार्था हे दोन हंगेरियन तरुण १९२८ सालीं साइडकार जोडलेल्या हार्लेवर निघाले आणि १९३६ सालीं परतले. त्यांच्या वाटेंत हिंदुस्थानहि होता. १९३४ सालीं स्टानिस्लाव्ह आणि हालिना बुयाकोव्स्की हें पोलिश दांपत्य एका बी. एस. ए. मोटारसायकलीवर पोलंडहून निघालें, आणि इराण, हिंदुस्थान, ब्रह्मदेश असें करीत १९३६ सालीं शांघायला पोहोंचलें. हालिनाबाईंनीं या प्रवासाची रोजनिशी ठेवली. ती पुस्तकरूपानें निघाली २०११ सालीं. पाऊणशें वर्षें ती वही वाचकाची वाट पाहात राहिली! असाच दैवदुर्विलास आणखी एका वहीच्या वांट्यास आला, आणि आजच्या भाषणाचा मुख्य विषय तोच प्रवास आहे.

इंग्लंडांत सरे परगण्यांत ब्रुकलंड्स येथें मोटारींच्या शर्यतींसाठीं १९०७ सालीं सिमेंटचें एक प्रचंड मैदान बांधलें होतें. त्या वर्तुळाकार रस्त्यावर शर्यतींत ताशीं १०० मैलांच्या वेगानें एक फेरा जो मोटारसायकलस्वार पुरा करील त्याला एक छोटा सोन्याचा तारा मिळे. या मैदानाच्या सगळ्या हयातींत हा तारा तीनच स्त्रियांना मिळाला. पहिली फ्लॉरेन्स ब्लेंकिरन, १९३४ सालीं. दुसरी बिअॅट्रिस शिलिंग, त्याच वर्षीं. हीच पुढें महायुद्धांत स्पिटफायर विमानांच्या इंजिनांतला एक जीवघेणा दोष एका लहानशा चकतीनें दूर करणारी इंजिनियर. तिसरी टेरेसा वॉलक, १९३९ सालीं. या तिघींपैकीं पहिली आणि तिसरी, म्हणजे ब्लेंकिरन आणि वॉलक, यांनीं १९३४ सालीं असें ठरविलें कीं लंडनहून मोटारसायकलीवर निघावयाचें आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केपटाऊनला जावयाचें. वाटेंत सहारा होता. त्याला वळसा घालावयाचा नव्हता.

टेरेसा वॉलकचा जन्म १९०९ चा. तिनें लंडनच्या नॉर्थॅम्प्टन पॉलिटेक्निकमध्यें शिष्यवृत्ति मिळवून इंजिनियरिंगचें शिक्षण घेतलें होतें. मुलींनीं यंत्राला हात लावणें शिष्टसंमत नव्हतें असा तो काळ. तेव्हां या जोडींत चालविणारी आणि बसणारी असा भेद मुळांतच नव्हता. ज्या बाईच्या हातांत हँडल नाहीं तिच्या हातांत पाना आहे, असा हा संसार होता.

गाडी निवडली ती पॅन्थर. यॉर्कशरमधल्या क्लेकहीटन गांवीं फेलन आणि मूर यांचा कारखाना होता. १९६० नंतरच्या दशकांत तो बंद पडला. त्यांच्या गाडीची ठेवण विलक्षण. बहुतेक मोटारसायकलींना पुढच्या बाजूनें एक नळी खालीं येते आणि इंजिन त्या सांगाड्यांत बसवितात. पॅन्थरमध्यें ती नळीच नाहीं. तिच्या जागीं इंजिनाचा लांबलचक सिलिंडर तिरपा बसविलेला, म्हणजे इंजिन हेंच सांगाड्याचें हाड. सिलिंडर एकच, सुमारें ६०० घनसेंटिमीटरचा; दांडगा, संथ, ओझें ओढण्यांत पटाईत. इंग्लंडांतल्या साध्या कुटुंबांत बायकामुलांना साइडकारमध्यें घालून समुद्रावर नेणारी ती गाडी. या दोघींनीं तिला साइडकार जोडली, आणि तेवढ्यानें भागेना म्हणून मागें सामानाची एक ट्रेलरगाडीहि जोडली. तंबू, अन्न, पाणी, पेट्रोल, सुटे भाग आणि दोन माणसें, हा सगळा डोलारा त्या एका सिलिंडरानें ओढावयाचा होता. बरोबर दुसरी गाडी नाहीं, मदतीचें पथक नाहीं, होकायंत्रहि नाहीं. ११ डिसेंबर १९३४ रोजीं त्या लंडनहून निघाल्या. हा मुहूर्त समजून घेण्यासारखा आहे. त्या काळीं सहारा ओलांडण्यास हिंवाळाच योग्य समजत. उन्हाळ्यांत त्या वाटेला जाणें म्हणजे मरण ओढवून घेणें.

सहाऱ्याच्या वाळूंत अशी गाडी कशी चालते याची कल्पना आपण करून पाहूं. मोटरलॉरी जाते तेव्हां तिच्या चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मध्यें उंचवटा राहतो. चारचाकी गाडी त्या चाकोऱ्यांत नीट बसते. साइडकारवाल्यांचें तसें नाहीं. मोटारसायकलीचीं चाकें एका चाकोरींत घातलीं तर साइडकारचें चाक उंचवट्यावर चढतें आणि सगळी गाडी एका अंगाला कलते. चाकोरी सोडली तर मऊ वाळू. साइडकारच्या चाकाला इंजिनाचा जोर नसतो, म्हणून वेग वाढविला कीं गाडी साइडकारच्या बाजूला ओढ घेते आणि वेग कमी केला कीं उलट बाजूला. मागच्या ट्रेलरचें चाक रुतलें तर तें नांगरासारखें मागें खेंचतें. अशा वेळीं टायरमधली हवा कमी करावयाची, दुसरीनें खालीं उतरून खांदा लावावयाचा, गाडी सुटली कीं ती थांबूं न देतां पुढें कठीण जमीन लागेपर्यंत न्यावयाची, आणि ढकलणारीनें मागून वाळवंटांत चालत यावयाचें. माझ्या स्नेह्याचें तांदळाचें पोतें येथें कुचकामाचें.

अल्जीरियाच्या किनाऱ्यावरून त्या दक्षिणेस वळल्या. अल्जीरिया त्या वेळीं फ्रेंचांच्या ताब्यांत होता; तो स्वतंत्र झाला १९६२ सालीं. वाळवंटांतून जावयाचें तर फ्रेंच अधिकाऱ्यांची परवानगी लागे, कारण कोणी हरवला तर त्याला शोधण्याचा भार त्यांच्यावर पडे. दोन बायका, एक मोटारसायकल आणि तिला जोडलेलें तें लटांबर पाहून त्या अधिकाऱ्यांच्या मनांत काय आलें असेल, याचा तर्क श्रोत्यांनींच करावा. परवानगी मिळाली. होग्गारच्या काळ्या डोंगरांतलें तामानरासेत, आणि तेथून शेंकडों मैल सपाट शून्य ओलांडून वाळवंटाच्या दक्षिण कडेवरचें अगदेस, ही ती वाट. या वाटेवर इंजिनानें दगा दिला. अगदेस येथें त्यांना तें पुरें खोलून पुन्हां नव्यानें जुळवावें लागलें. मातीच्या भिंतींचें तें गांव. जवळपास कारखाना असा नाहीं. पण यंत्राची विद्या दोघींच्या बोटांत होती, आणि ती गाडींतल्या कोणत्याहि सुट्या भागापेक्षां अधिक उपयोगी पडली.

येथें मला आपल्या एका मुंबईकराचें स्मरण होतें. फ्रामरोज दावर हे १९२४ सालीं मुंबईहून सायकलीवर जगप्रवासास निघाले आणि १९३१ सालीं परतले. गुस्ताव स्टाव्यानिक या ऑस्ट्रियन सोबत्याबरोबर त्यांनीं सहारा ओलांडला, तोहि सायकलीवर, म्हणजे या दोघींच्याहि आधीं. त्या प्रवासावर दावरांनीं १९३७ सालीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें. आज मुंबईंत शंभर माणसांस विचारलें तर दावर हें नांव किती जणांस ठाऊक असेल, आणि स्टाव्यानिक हें किती जणांस, याचा मीं मनांतल्या मनांत हिशेब करून पाहिला आणि सोडून दिला.

वाळू संपली तेथें चिखल सुरू झाला. नायजेरिया, कॅमेरून, फ्रेंच विषुववृत्तीय आफ्रिका, मग बेल्जियन कांगो. आफ्रिकेचा हा पट्टा म्हणजे घनदाट अरण्य आणि असंख्य नद्या. पुष्कळ नद्यांना पूल नव्हते. कोरलेल्या ओंडक्यांच्या होड्या शेजारीं शेजारीं बांधून त्यांवर फळ्या टाकलेले तराफे असत आणि गांवकरी ते वांशांनीं रेंटीत. अशा तराफ्यावर साइडकार आणि ट्रेलरसह मोटारसायकल चढविणें हें दोघींचें काम नव्हे, दहाजणांचें आहे. आणि येथें मला थोडें थांबावेंसें वाटतें. मागें बसणाऱ्याचें नांव इतिहास विसरतो अशी तक्रार करीत मी येथवर आलों. परंतु त्या तराफ्यांना ज्यांनीं वांसे लावले, ज्यांच्या गांवांत पाणी मिळालें, ज्यांच्या खांद्यांवर त्या काळच्या प्रत्येक आफ्रिकाप्रवाशाची गाडी चिखलांतून निघाली, त्यांचीं नांवें तर ‘आणि’च्या पलीकडेहि नाहींत. तो मुलूख त्यांचा होता, पण परवाना देणारे दुसरेच होते. लंडनहून केपटाऊनला जातां येई याचें एक कारण असें कीं वाटेंतला जवळजवळ प्रत्येक देश कोणत्या ना कोणत्या युरोपीय सत्तेच्या हाताखालीं होता. या दोन स्त्रियांच्या धैर्याला यानें उणेपणा येत नाहीं; परंतु प्रवासाचा इतिहास सांगतांना रस्ता कोणाचा होता हें सांगावयास नको काय?

पुढें युगांडा, केनिया, टांगानिका, उत्तर आणि दक्षिण ऱ्होडेशिया असें करीत २९ जुलै १९३५ रोजीं त्या केपटाऊनला पोहोंचल्या. निघाल्यापासून २३० दिवस झाले होते.

सात महिन्यांहून अधिक काळ दोन माणसांनीं एका यंत्रावर, एका तंबूंत, एका पाण्याच्या डब्यावर काढावयाचे, ही गोष्ट वाळूपेक्षांहि कठीण आहे असें मला वाटतें. प्रवासवर्णनांत वाघसिंह येतात. पण रुतलेल्या गाडीपाशीं भर दुपारीं, चूक कोणाची यावर दोघांत जी शांतता पसरते ती फार थोडे लिहितात. मोटारसायकल चालू असतां बोलतां येत नाहीं. इंजिनाचा आवाज आणि वारा शब्द घेऊन जातात. दिवसभर एकमेकांच्या हाताच्या अंतरावर बसून दोघांनीं आपापल्या मनांत बोलावयाचें असतें. खांद्यावर एक टिचकी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, अशी कांहींतरी भाषा प्रत्येक जोडीची आपोआप तयार होते. पसरणीच्या घाटानंतर आमचीहि झाली होती. माझ्या गुडघ्यानें त्याच्या कमरेला नकळत दिलेला दाब म्हणजे ‘वेग कमी कर’. आणि त्यानें तो न जाणल्याचें सोंग करणें म्हणजे ‘पोतें व्हा’.

वॉलकबाईंचें पुढील आयुष्यहि यंत्रावरच गेलें. महायुद्धांत त्या सैन्यांत मोटारसायकलीवरून खलिते पोहोंचविण्याच्या कामावर होत्या. ब्रिटिश सैन्यांत हें काम करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचें नांव सांगतात. युद्धानंतर त्या अमेरिकेंत गेल्या, तो देश मोटारसायकलीवरून पालथा घातला, शिकागोंत मोटारसायकलींचें दुकान काढलें, आणि पुढें ॲरिझोनांतल्या फीनिक्स शहरीं लोकांना मोटारसायकल शिकविण्याची शाळा चालविली. वयाच्या ८८ व्या वर्षापर्यंत, दृष्टि साथ देईनाशी होईतों, त्या स्वतः गाडी चालवीत.

त्याच अमेरिकेंत आतां लांब पल्ला गांठण्याचाच ध्यास घेतलेल्या मोटारसायकलस्वारांची एक संस्था आहे. चोवीस तासांत १,००० मैल, ही तिची प्राथमिक परीक्षा. १९८४ सालीं प्रथम भरलेल्या तिच्या मोठ्या स्पर्धेंत आतां अकरा दिवसांत ११,००० मैलांच्या आसपास अंतर तोडतात, आणि तींत नवराबायकोंच्या जोड्याहि एका गाडीवरून उतरतात. मागें बसणारी व्यक्ति नकाशा पाहते, पेट्रोलच्या पावत्या संभाळते, चालविणाऱ्याची मान लवूं लागली तर त्याला जागें ठेवते. सबंध अंतर मागें बसून पुरें केलें तर तिच्या नांवाचें वेगळें प्रमाणपत्र मिळतें. अशा एका जोडप्याविषयीं एका परिचितानें सांगितलेली गोष्ट मला आवडते. घरीं भिंतीवर दोन प्रमाणपत्रें शेजारीं टांगलेलीं, पाहुण्यानें विचारलें, “गाडी कोणीं चालविली?” तेव्हां बाई म्हणाल्या, “त्यांनीं. पण झोप कोणाला येत होती तें विचारा.”

आफ्रिकेच्या प्रवासाची हकीकत वॉलकबाईंनीं स्वतः लिहून ठेवली होती. तिचें पुस्तक झालें, दोघींच्या त्या खडतर वाटेवरूनच त्याला नांव दिलें गेलें, आणि तें छापून बाहेर पडलें २००१ सालीं. म्हणजे लंडन सोडल्यापासून सदुसष्टाव्या वर्षीं. टेरेसा वॉलक त्याआधीं दोन वर्षें, १९९९ सालीं, वारल्या होत्या.